खनिज आणि मलबा यांमधील सीमारेषा : ब्लॉक मॉडेलमधील ठोकळ्यांच्या निवडीचा विदर्भाच्या संदर्भात ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुका दख्खन ट्रॅपच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या भागात विहीर खोदताना आधी काळी माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि शेवटी अखंड खडक असे थर लागतात. कोणता थर कुदळीने निघेल, कोणत्या थराला सुरुंग लागेल आणि निघालेल्यांपैकी काय बांधावर टाकायचे, काय रस्त्यासाठी राखायचे, हे येथील विहीर खोदणारे पिढ्यान् पिढ्या ठरवत आले आहेत. जमिनीतून निघालेल्या वस्तूची उपयुक्त आणि निरुपयोगी अशी विभागणी करणे हा खाणकामाचा मूळ व्यवहार आहे. साधने बदलली, तरी हा व्यवहार बदललेला नाही.

आज मोठ्या खाणींमध्ये ही विभागणी संगणकावर होते. खनिजसाठ्याची कल्पना लहान लहान ठोकळ्यांत केली जाते. प्रत्येक ठोकळ्याला स्थान, घनता, खनिजाची प्रत व खडकाचा प्रकार हे गुणधर्म दिले जातात आणि अट घालून हवे ते ठोकळे वेगळे काढले जातात. या रचनेस ब्लॉक मॉडेल व या क्रियेस फिल्टर लावणे म्हणतात. वरकरणी ही तांत्रिक बाब वाटते. परंतु एका अटीमुळे लाखो टन दगड 'खनिज' ठरतो किंवा 'मलबा' ठरतो, एखादा डोंगर शिल्लक राहतो किंवा जातो आणि एखाद्या गावाशेजारी ढिगारा उभा राहतो. म्हणून या क्रियेचा इतिहास पाहणे अगत्याचे ठरते. मानोरा परिसरात धातुखनिज नाही. मात्र लगतच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी भागात कोळसा आहे आणि नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीज आहे. त्यामुळे हा विषय विदर्भाच्या अनुभवाच्या आधारे तपासता येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) विदर्भातील मँगनीज खाणकामात खनिजाच्या निवडीचे निकष कसे बदलत गेले हे पाहणे.
२) ब्लॉक मॉडेल व त्यातील निवडीच्या पद्धतीचा उगम शोधणे.
३) या पद्धतीतील अंगभूत मर्यादांचे विवेचन करणे.

विषय विवेचन

अ) हाताने होणारी निवड

मध्य प्रांतात मँगनीजचे व्यापारी खाणकाम विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर जिल्ह्यात सुरू झाले आणि अल्पावधीत भंडारा, बालाघाट व छिंदवाडा या जिल्ह्यांत पसरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील लुईस ली फर्मोर यांनी या साठ्यांचा सविस्तर अभ्यास करून १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरील बृहद् ग्रंथ सिद्ध केला. या पट्ट्यातील मँगनीजयुक्त रूपांतरित खडकास त्यांनी येथील गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव दिले. ते आजही जगभरच्या भूविज्ञानात रूढ आहे.

त्या काळी निवड हाताने होत असे. फोडलेल्या दगडातून स्त्री-पुरुष मजूर वजन, रंग व चकाकी पाहून खनिज वेचीत. उरलेला दगड उतारावर लोटला जाई. परदेशी पोलाद कारखान्यांना सुमारे ५० टक्के मँगनीज असलेले खनिज हवे होते. परंतु निकष इतका उंच असण्याचे कारण केवळ कारखान्यांच्या मागणीत नव्हते. नागपूर-भंडाऱ्याचे खनिज रेल्वेने मुंबई किंवा कलकत्ता बंदरापर्यंत शेकडो मैल न्यावे लागे आणि तेथून युरोप-अमेरिकेस पाठवावे लागे. ३५ टक्के मँगनीजच्या टनास आणि ५० टक्क्यांच्या टनास भाडे सारखेच पडत असे. म्हणजे कमी प्रतीच्या खनिजाबरोबर निरुपयोगी दगडाचेही भाडे भरावे लागे. त्यामुळे खाणीच्या तोंडाशी काय खनिज व काय मलबा हे ठरविण्यात रेल्वेच्या भाडेदराचा मोठा वाटा होता.

बाजारभावाचाही असाच परिणाम होई. १९०४-०५ चे रशिया-जपान युद्ध आणि १९०५ ची रशियातील क्रांती यांमुळे कॉकेशसमधील मँगनीजचा पुरवठा विस्कळीत झाला, भाव वाढले आणि भारतीय खाणींना तेजी लाभली. पुढे भाव उतरताच ज्या खनिजाला कालपर्यंत गिऱ्हाईक होते तेच खाणीवर पडून राहिले. दगडातील मँगनीज तेवढेच होते. त्याचे 'खनिजत्व' मात्र बदलले होते.

आ) मालकी व बाजारपेठेतील बदल

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा सलग खनिजपट्टा दोन राज्यांत विभागला गेला. नागपूर व भंडारा तत्कालीन मुंबई राज्यात आले, तर बालाघाट व छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तीत केंद्र शासन, दोन्ही राज्य शासने आणि जुनी ब्रिटिश कंपनी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर यांचे भाग होते. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीचा हिस्सा शासनाकडे आला. २०१० पासून ही कंपनी 'मॉइल लिमिटेड' या नावाने ओळखली जाते व तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या तिच्या महाराष्ट्रातील खाणी होत.

या काळात देशातच पोलाद व फेरोमँगनीज उद्योग वाढला. गिऱ्हाईक जवळ आले, मिश्रण करून वापरण्याची व प्रत सुधारण्याची तंत्रे आली आणि पूर्वी टाकून दिलेल्या प्रतीला मोल आले. जुन्या ढिगाऱ्यांतून पुन्हा खनिज वेचले जाऊ लागले. निवडीची अटही एकपदरी राहिली नाही. मँगनीज पुरेसे असून स्फुरद अधिक असल्यास तो माल वेगळ्या प्रतीत जातो. डोंगरी बुजुर्ग येथील काही खनिज तर विजेरी बनविण्यास लागणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडसाठी वेगळे मोजले जाते. एकच दगड एका वापरासाठी उत्तम आणि दुसऱ्यासाठी गौण असू शकतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

इ) ठोकळ्याची कल्पना

हाताने वेचणाऱ्या मजुराच्या हातात प्रत्यक्ष दगड असे. संगणकावरील ठोकळा मात्र बहुतेक वेळा कोणी पाहिलेला नसतो. काही अंतरावरील वेधनछिद्रांतून मिळालेल्या नमुन्यांवरून त्याची प्रत अनुमानाने ठरविलेली असते. या अनुमानाचे शास्त्र दक्षिण आफ्रिकेत उदयास आले. विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत ठोकळ्याच्या कडेने नमुने घेऊन त्याची प्रत ठरवीत असत. डॅनी क्रिग या खाण अभियंत्याने १९५१ मध्ये संख्याशास्त्राच्या आधारे दाखविले की, ज्या ठोकळ्यांची प्रत उंच अनुमानिली होती त्यांतून सरासरीने कमी सोने निघते आणि ज्यांची प्रत कमी अनुमानिली होती त्यांतून सरासरीने अधिक निघते. यावर आधारून फ्रान्सच्या जॉर्ज माथरों यांनी १९६२-६३ मध्ये भूसांख्यिकीची सैद्धान्तिक मांडणी केली आणि अनुमानाच्या पद्धतीस क्रिग यांच्या नावावरून 'क्रिगिंग' हे नाव रूढ झाले.

याच दशकात निवडीचे अर्थशास्त्रही मांडले गेले. केनेथ लेन यांनी १९६४ मध्ये किमान ग्राह्य प्रत म्हणजेच कट-ऑफ ग्रेड ही खाण, प्रक्रिया व बाजार या तिन्हींच्या क्षमतेवरून कशी ठरते याचे विवेचन केले. १९६५ मध्ये लर्च व ग्रॉसमन यांनी ठोकळ्यांच्या मूल्यावरून उघड्या खाणीची सर्वाधिक लाभदायी सीमा काढण्याची रीत दिली. १९८० च्या दशकात लंडनमध्ये डेटामाइन आणि ऑस्ट्रेलियात सरपॅक, व्हल्कन, मायक्रोमाइन ही सॉफ्टवेअर विकसित झाली आणि तज्ज्ञांपुरते असलेले हे गणित खाणीच्या कार्यालयातील टेबलावर आले.

ई) फिल्टरचे कार्य व त्याचे परिणाम

फिल्टरमधील अटी साधारणपणे तीन प्रकारच्या असतात : स्थानाची (अमुक पृष्ठभागाखाली, खाणपट्ट्याच्या आत), गुणधर्माची (मँगनीज अमुक टक्क्यांहून अधिक, स्फुरद अमुकहून कमी) आणि खात्रीची (साठा कोणत्या वर्गातील आहे). या अटी 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांनी जोडल्या जातात. सरपॅकमध्ये त्यांना 'कन्स्ट्रेंट' म्हणतात.

स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १० मीटर लांब, १० मीटर रुंद व ५ मीटर उंच अशा चार ठोकळ्यांची प्रत अनुक्रमे ४६, ४०, ३४ व २८ टक्के आहे. प्रत्येकाचे घनफळ ५०० घनमीटर; दर घनमीटरला ३.५ टन धरल्यास वजन १,७५० टन. अट ३८ टक्क्यांची ठेवली तर दोन ठोकळे मिळतात : ३,५०० टन, सरासरी ४३ टक्के. अट ३० वर आणली तर ५,२५० टन, सरासरी ४० टक्के. अट २५ केली तर ७,००० टन, सरासरी ३७ टक्के. जमिनीत काहीही न बदलता साठा दुप्पट झाला. म्हणून 'या खाणीत किती खनिज आहे ?' या प्रश्नाला अट सांगितल्याशिवाय दिलेले उत्तर अपुरे ठरते.

या क्रियेत दोन धोके विशेष लक्षणीय आहेत. पहिला क्रिग यांनी दाखविलेला. अनुमानित प्रतीवर फिल्टर लावला की, ज्यांचे अनुमान योगायोगाने जास्त आले असे काही ठोकळे निवडीत शिरतात व ज्यांचे कमी आले असे काही चांगले ठोकळे मलब्यात जातात. दुसरा धोका अज्ञाताचा. ज्या ठोकळ्यांपर्यंत नमुन्यांची माहिती पोहोचत नाही, त्यांना अनेकदा शून्य किंवा उणे ९९ असा खुणेचा अंक दिलेला असतो. '३० टक्क्यांहून कमी ते मलबा' अशी अट लिहिली की हे अज्ञात ठोकळेही निमूटपणे मलब्यात मोजले जातात. तपासले नाही आणि आढळले नाही या दोन भिन्न गोष्टी तेथे एक होतात. दक्ष भूवैज्ञानिक त्यामुळे अज्ञात ठोकळे प्रथम वेगळे काढतो व मगच प्रतीची अट लावतो.

उ) कायदा आणि ढिगारे

निवडीचा निकष पूर्णपणे खाणमालकावर सोपविणे योग्य नाही, ही जाणीव भारतीय कायद्यात दिसते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या व नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोकडे खनिजसंवर्धनाचे काम आहे. खनिज संवर्धन व विकास नियम, १९८८ नुसार मलबा व विक्रीयोग्य नसलेले कमी प्रतीचे खनिज एकमेकांत मिसळू न देता स्वतंत्रपणे साठविणे आवश्यक करण्यात आले. आज ज्याला गिऱ्हाईक नाही त्याला उद्या मिळेल, हा विचार त्यामागे आहे. ब्यूरो खनिजांची किमान मर्यादाही जाहीर करतो. २००९ मध्ये हेमेटाइट प्रकारच्या लोहखनिजासाठी ती ४५ टक्के ठरविण्यात आली. पुढे २०१५ च्या नियमांनी साठ्याच्या पुराव्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाचा आधार घेतला.

हा विचार वेळीच न झाल्यास काय होते याचे उदाहरण गोव्यात आढळते. उच्च प्रतीच्या निर्यातीच्या काळात टाकलेल्या लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांना २००० नंतर चीनच्या मागणीमुळे मोल आले. मग हे ढिगारे कोणाचे, ते खाणपट्ट्याबाहेर का टाकले, असे प्रश्न उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात खाणपट्ट्याबाहेर मलबा टाकण्यास प्रतिबंध केला. ढिगाऱ्यांखाली गेलेली शेते आणि गाळाने भरलेले ओहोळ हा त्या जुन्या निवडीचा न मोजलेला खर्च होता. ठोकळ्याच्या गुणधर्मांत लोह, सिलिका व घनता यांचे रकाने असतात. त्यावरील शेतीचा किंवा झऱ्याचा रकाना सहसा नसतो. जो रकाना नाही त्यावर अट घालता येत नाही.

निष्कर्ष

१) विदर्भातील मँगनीजच्या इतिहासावरून खनिज व मलबा ही केवळ निसर्गसिद्ध विभागणी नसून भाडे, भाव, तंत्र व मालकी यांनुसार सरकणारी सीमारेषा असल्याचे दिसते.

२) ब्लॉक मॉडेलमुळे ही सीमारेषा अधिक लवकर व अधिक बारकाईने आखता येते. परंतु हाताने होणारी निवड प्रत्यक्ष दगडाची होती, तर फिल्टरने होणारी निवड अनुमानाची असते.

३) साठ्याच्या आकड्याबरोबर त्याची अट, दिनांक, गृहीत भाव आणि अज्ञात ठोकळ्यांची संख्या यांची नोंद जपली गेली पाहिजे. जुन्या खाणींमध्ये अशी नोंद नसल्यास ढिगाऱ्यात काय आहे हे पुढील पिढीला पुन्हा खणूनच पाहावे लागते.

४) ग्रामसभा, जनसुनावणी व जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्यापुढे साठ्याचे आकडे येतात, तेव्हा ते कोणत्या अटीवर काढले आहेत हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना असला पाहिजे. त्यासाठी सॉफ्टवेअरचे ज्ञान आवश्यक नाही. बांधावर काय टाकले आणि का टाकले, हा प्रश्न विहीर खोदणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला परिचित आहे.