विणकाम खात्याचे दार : मुंबईच्या कापड गिरण्यांतील खातेबदलाचा प्रश्न

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कामगारांचा खातेबदल हा नियोजनाचा विषय मानला जातो. कोणत्या खात्यात माणसे कमी आहेत आणि कोणाचे कौशल्य कोठे उपयोगी पडेल, एवढाच त्यातील प्रश्न. मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात हा निर्णय बव्हंशी व्यवस्थापकाच्या हाती नव्हता. गिरणीत ‘बदली’ या शब्दाचा अर्थही निराळा होता. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. त्याची निवड जॉबर करीत असे आणि जॉबर नात्यातल्या, गावच्या व जातीच्या माणसांना प्राधान्य देई.

या व्यवस्थेत अस्पृश्य कामगारांचा शिरकाव मुख्यतः रिंग खात्यात झाला. उक्त्या मजुरीमुळे अधिक मिळकत देणारे विणकाम खाते त्यांना बंद होते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे ओठ लागलेल्या धोट्याला तोंड लावण्यास सवर्ण विणकर तयार नसत. परंतु अडचण यंत्राची होती, हे म्हणणे टिकत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच आरोग्याच्या कारणास्तव असे धोटे कायद्याने बंद केले होते. येथे धोटा बदलण्यापेक्षा माणसाला दाराबाहेर ठेवणे सर्वांना सोयीचे वाटले.

१९२८ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश मिळावा, ही मागणी पुढाऱ्यांनी नाखुशीनेच स्वीकारली. मालकांनी ती ऐकून घेतली, परंतु हा अन्याय आपण केलेला नाही, असे सांगून हात झटकले. हे उत्तर अर्धसत्य होते. भरती जॉबरवर सोपविण्याचा निर्णय मालकांचाच होता, आणि त्यातून होणारा लाभही त्यांचाच. कामगार एकजुटीची भाषा बोलणारेही या दारापाशी अडखळले, ही बाब मात्र अधिक बोचणारी आहे.

१९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणून जॉबरच्या अधिकारास काहीसा लगाम घातला. विणकाम खात्याच्या प्रश्नाला ती भिडली नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांना विणकाम खात्याचेच उदाहरण पुन्हा द्यावे लागले. रेल्वेत अस्पृश्य मनुष्य गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिले.