एक चिलर पुरत असताना दुसरा का सुरू होतो? मोठ्या इमारतींच्या कूलिंग प्लांटमध्ये वीज कशी वाचवायची

मे महिना, बुलढाणा जिल्ह्यातला घाटाखालचा भाग, बाहेर 44 अंश. एका मोठ्या इमारतीच्या प्लांट रूममध्ये मी उभा होतो. तिथे 300 टनांचे तीन चिलर होते आणि दोन सुरू होते. गरज मोजली तर 270 टनच निघाली, म्हणजे एक चिलर पुरेसा होता. ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, एकावर पाणी थंडच होत नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं, पण चूक चिलरची नव्हती. असं अनेक ठिकाणी होतं, म्हणून हा लेख.

आधी प्लांट समजून घेऊ

चिलर म्हणजे पाणी थंड करणारं मोठं यंत्र. ते साधारण 7 अंशांचं पाणी इमारतीत पाठवतं. प्रत्येक मजल्यावरच्या एएचयूमध्ये ते पाणी हवेतली उष्णता घेतं आणि साडेबारा अंशांना परत येतं. चिलरने ओढलेली उष्णता दुसऱ्या पाण्यात जाते आणि ते पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये निवतं. एअर-कूल्ड चिलरमध्ये टॉवर नसतो, पंखे थेट हवेत उष्णता सोडतात.

म्हणजे वीज फक्त चिलर खात नाही. थंड पाण्याचा पंप, कंडेन्सरचा पंप आणि टॉवरचा पंखाही खातो. हिशोब चौघांचा मिळून करायचा.

सूत्र सोपं आहे: प्रवाह (घनमीटर प्रतितास) गुणिले तापमानातला फरक, भागिले 3.024. उत्तर टनांमध्ये येतं. ताशी 165 घनमीटर पाणी आणि साडेपाच अंशांचा फरक असेल तर 300 टन. आता प्लांटचे एकूण किलोवॅट भागिले टन करा. वॉटर-कूल्ड प्लांटचा हा आकडा 1 च्या वर जात असेल, तर कुठेतरी गळती आहे असं समजा.

त्या दिवशी काय सापडलं?

पहिली गोष्ट बंद चिलरच्या व्हॉल्व्हची. एकच चिलर चालवला, तरी शेजारच्या बंद चिलरचा व्हॉल्व्ह उघडा आणि त्याचा पंप सुरू राहायचा. सुरू चिलरमधून 7 अंशांचं पाणी यायचं, बंद चिलरमधून साडेबारा अंशांचं पाणी तसंच पुढे जायचं. दोन्ही सारखी मिसळली की इमारतीला मिळायचं पावणेदहा अंशांचं पाणी. मग तक्रारी, आणि मग दुसरा चिलर सुरू.

उपाय एवढाच: चिलर बंद, तर त्याचा पंपही बंद आणि व्हॉल्व्हही बंद. फक्त व्हॉल्व्ह बंद करून पंप चालू ठेवू नका, सगळं पाणी एकाच चिलरमधून जोरात जाईल.

दुसरी गोष्ट तापमानातल्या फरकाची. पाणी साडेबाराऐवजी 10 अंशांना परत येत असेल, तर फरक फक्त 3 अंश. तेवढाच प्रवाह असेल तर सूत्राने उत्तर येतं जेमतेम 164 टन. चिलर अर्धा रिकामा, पण पंप पूर्ण भरलेला. ऑपरेटरला वाटतं पाणी कमी पडतंय, आणि तो आणखी एक पंप-चिलर जोडी लावतो. याचा दोष बहुतेक वेळा एएचयूकडे असतो: धुळीने भरलेल्या कॉइल, तुंबलेले फिल्टर, कायम उघडे अडकलेले व्हॉल्व्ह, किंवा कुणीतरी 18 वर ठेवलेला थर्मोस्टॅट.

एक चालवावा की दोन?

समजायला 270 टनांचं उदाहरण घेऊ. एका चिलरमागे पंप आणि पंख्याचे 50 किलोवॅट धरा.

साधा, एकाच वेगाचा चिलर:
- एक चिलर 90 टक्क्यांवर: 167 + 50 = 217 किलोवॅट
- दोन चिलर 45 टक्क्यांवर: 194 + 100 = 294 किलोवॅट

व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त होणारा चिलर:
- एक: 162 + 50 = 212 किलोवॅट
- दोन: 135 + 100 = 235 किलोवॅट

दुसऱ्या गटात दोन चिलर मिळून वीज कमी खातात, पण पंपांमुळे फायदा निघून जातो. पंप आणि पंख्यांनाही व्हीएफडी असेल आणि त्यांचा खर्च 100 वरून 60 वर आला, तर दोनचा एकूण आकडा 195 होतो, आणि मग दोन चालवणंच स्वस्त. म्हणून "नेहमी एकच चालवा" किंवा "नेहमी दोन चालवा" असा नियम नाही. आपल्या प्लांटवर दोन्ही प्रकारे चालवून मीटर वाचा.

ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 मध्ये चिलरसाठी स्टार लेबल आणलं. खरेदीच्या वेळी ते जरूर बघा. पण तो तारा एका चिलरचा असतो, अख्ख्या प्लांटचा नाही.

कूलर कळतो, त्याला टॉवर कळतो

आपल्याकडे मे महिन्यात कूलर मस्त चालतो आणि जुलैत नुसता दमट वारा देतो. टॉवरचंही तसंच आहे. तो हवेच्या तापमानावर नाही, वेट बल्ब तापमानावर चालतो, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण 23. जुलैत 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर 27. म्हणजे भर उन्हाळ्यात टॉवरचं पाणी पावसाळ्यापेक्षा थंड मिळू शकतं. कंडेन्सरचं पाणी 1 अंश थंड मिळालं, तर चिलरची वीज साधारण 2 ते 3 टक्के वाचते. चिलरने ठरवलेल्या किमान तापमानाच्या खाली मात्र जाऊ नका.

एक चिलर सुरू असताना दोन्ही टॉवर वापरून पंखे निम्म्या वेगाने फिरवा. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे निम्म्या वेगाला एक अष्टमांश लागते. दोन पंखे मिळून एका पूर्ण वेगाच्या पंख्याच्या पाव वीज खातील. दोन्ही टॉवरवर पाणी नीट पसरतंय एवढं पाहा.

पण पाण्याचं काय?

इथे आपल्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. 300 टनांवर टॉवरमधून ताशी सुमारे 1,800 लिटर पाणी वाफ होऊन जातं. क्षार मागे राहतात, म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. चांगल्या पाण्यात क्षार पाचपट होऊ देता येतात, तेव्हा ताशी 450 लिटर सोडावं लागतं. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणीच खारं. तिथे दुपटीवर थांबावं लागलं, तर 1,800 लिटर सोडावं लागतं. दहा तासांत एकूण 22,500 ऐवजी 36,000 लिटर. वर कंडेन्सरच्या नळ्यांवर थर बसतो आणि वीज पुन्हा वाढते.

त्यामुळे विजेच्या बिलासोबत टँकरचं बिलही मांडा. सांडपाणी शुद्ध करून टॉवरला वापरता येत असेल तर उत्तम. पाणीच नसेल, तर जास्त वीज खाणारा एअर-कूल्ड चिलरही योग्य ठरू शकतो.

उद्यापासून काय करायचं?

1. दर तासाला जाणारं आणि येणारं तापमान, प्रवाह आणि एकूण किलोवॅट लिहा.
2. बंद चिलरचे व्हॉल्व्ह आणि पंप तपासा.
3. एएचयूच्या कॉइल आणि फिल्टर साफ करा.
4. गर्मी कमी असेल तेव्हा थंड पाणी 7 ऐवजी 8-9 अंशांवर ठेवून बघा. दर अंशाला चिलरची 2 ते 3 टक्के वीज वाचते. पावसाळ्यात खोल्या दमट वाटल्या तर परत खाली आणा.
5. मगच नवीन यंत्राचा विचार करा.

त्या इमारतीत चौथ्या चिलरचं कोटेशन टेबलावर तयार होतं. व्हॉल्व्ह आणि कॉइल नीट केल्यावर ते बाजूला पडलं. तुमच्याकडेही कोटेशन आलं असेल, तर सही करण्याआधी एकदा बंद चिलरच्या पाइपला हात लावून बघा. त्यातून पाणी वाहत असेल, तर सुरुवात तिथूनच करा.