उमेदीचा पत्रव्यवहार : सेरामपूर, रंगून आणि मुंबई येथील आरंभीचे मिशनरी लेखन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मिशनरी वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झाला आहे. एक अंग धर्मांतराचे, दुसरे मुद्रणाचे आणि गद्यनिर्मितीचे. या दोहोंच्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो. परमुलखात गेलेली ही माणसे वर्षानुवर्षे फळ दिसत नसताना टिकून कशी राहिली? श्रद्धा हे त्याचे उत्तर खरे असले तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ते पुरेसे नाही. श्रद्धेला रोजच्या व्यवहारात कोणत्या तरी लेखनाचा आधार लागतो, आणि तो आधार तपासता येतो.

विल्यम कॅरी १७९३च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास पोचले. नॉर्थॅम्प्टनशरमधला हा चांभारकाम केलेला धर्मोपदेशक. त्यांना पाठविणारी बॅप्टिस्ट संस्था आदल्या वर्षी केटरिंग येथे स्थापन झाली होती. संस्थेचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांनी या उपक्रमाला खोल खाणीत उतरण्याची उपमा दिली होती: एकाने उतरायचे आणि वरच्यांनी दोर धरून ठेवायचा. उपमा सुंदर होती. दोर मात्र फार लांब निघाला. इंग्लंडहून पहिली पत्रे हाती पडेपर्यंत सुमारे दीड वर्ष गेले. दरम्यान पैसा संपला, मालदा-दिनाजपूरकडील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरावी लागली, आणि १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पत्नी डोरोथी यांचे मन त्या काळात जे ढळले ते १८०७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. अशा वेळी दोर धरणाऱ्यांकडून आले काय? नोकरीधंद्यात पडून मूळ कार्य विसरू नका, असा इशारा. कॅरी यांना तो लागला, हे त्यांच्या उत्तरांतून लपत नाही.

मग धीर कोठून आला? एक झरा पुस्तकाचा होता. अमेरिकेतील आदिवासींमध्ये काम करून १७४७ साली एकोणतिसाव्या वर्षी क्षयाने मरण पावलेल्या डेव्हिड ब्रेनर्ड यांच्या रोजनिशीवरून जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४९मध्ये चरित्र सिद्ध केले. ते कॅरी यांनी पुन्हा पुन्हा वाचले. पुढे हेन्री मार्टिन यांनीही वाचले. हे विजयाचे पुस्तक नव्हे. खिन्नता, आजार, एकटेपणा आणि स्वतःविषयीचा असमाधानी कठोरपणा यांनी ते भरलेले आहे. यशस्वी माणसाचे चरित्र एकाकी वाचकाला अधिकच एकटे पाडते. खचूनही चालत राहिलेल्या माणसाचे चरित्र त्याला सोबत देते, आणि ब्रेनर्डच्या पुस्तकाची सत्ता नेमकी येथे आहे.

दुसरा झरा भाषेचा. माणसे मोजता येत नव्हती तेव्हा कॅरी पाने मोजू लागले. मदनाबाटीतच बंगाली नव्या कराराचा मसुदा बहुतांशी तयार झाला. १७९८मध्ये लाकडी मुद्रणयंत्र विकत घेऊन तेथे आणले, तेव्हा पाहायला जमलेल्या गावकऱ्यांनी तो साहेबांचा देव ठरविला. गावकऱ्यांचे निरीक्षण अगदीच चुकीचे म्हणवत नाही. पहिला हिंदू, सुतारकाम करणारे कृष्ण पाल, यांचा बाप्तिस्मा सेरामपूर येथे २८ डिसेंबर १८०० रोजी झाला, म्हणजे कॅरी येऊन सात वर्षे उलटल्यावर. त्याच सुमारास सहकारी जॉन थॉमस यांचा मानसिक तोल सुटला. लंडनच्या वाचकांसाठी निघणाऱ्या वृत्तांतमालेत नदीकाठचा समारंभ अर्थातच ठळक आला.

या वृत्तांतांची घडण पाहण्यासारखी आहे. पत्र बहुधा अडचणींनी सुरू होते, लेखक आपल्या दुबळेपणाची कबुली देतो, आणि मग वाक्य वळते: तथापि उत्तेजन देणारे काही घडले आहे. ते 'काही' कधी एखादा जिज्ञासू श्रोता असतो, कधी भाषांतराचा संपलेला अध्याय. मराठीत 'उत्तेजन' दुसऱ्याने द्यायचे असते आणि 'धीर' आपण धरायचा असतो. मिशनरी पत्रात दोन्ही क्रिया एकाच वाक्यात घडतात. लिहिणारा दूरच्या वाचकाला उत्तेजन देता देता स्वतः धीर धरत असतो.

मार्च १८१२मध्ये सेरामपूरचा छापखाना जळाला. कागद, टंक आणि कॅरींच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित गेले; पोलादी ठसे मात्र राखेत शाबूत सापडले, आणि टंक ओतण्याचे काम लगेच सुरू झाले. बातमी इंग्लंडला पोचल्यावर सुमारे दोन महिन्यांत नुकसान भरून काढणारी, दहा हजार पौंडांच्या आसपासची वर्गणी जमली. दोर आता घट्ट झाला होता, आणि तो घट्ट केला आपत्तीच्या वर्णनाने.

आगीनंतर तीनच महिन्यांनी अमेरिकेहून आलेली दोन तरुण जोडपी सेरामपूरला कॅरींकडे उतरली: अडोनिराम व अ‍ॅन जडसन, सॅम्युएल व हॅरिएट न्यूएल. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले नाही. जडसन दांपत्य जुलै १८१३मध्ये रंगूनला पोचले. तेथील पहिला बाप्तिस्मा सहा वर्षांनी, १८१९मध्ये झाला. तोवर मत्तयाचे शुभवर्तमान ब्रह्मी भाषेत छापून झाले होते. पहिले फळ कागदावर, दुसरे माणसात, हा सेरामपूरचाच क्रम तेथेही दिसतो.

हॅरिएट न्यूएल यांची कथा मला या साऱ्यांत सर्वाधिक विचार करायला लावणारी वाटते. मॉरिशसच्या वाटेवर समुद्रात त्यांना मुलगी झाली आणि काही दिवसांतच गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे त्याही क्षयाने वारल्या. वय एकोणीस. त्यांनी एकही शाळा चालविली नाही, एकाही माणसाचे मतपरिवर्तन केले नाही, एकही पान भाषांतरिले नाही. मिशनच्या हिशेबवहीत त्यांच्या नावापुढे शून्य आहे. पण त्यांच्या रोजनिशीचे आणि पत्रांचे पुस्तक १८१४ साली निघाले, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या झाल्या, आणि न्यू इंग्लंडमधील कितीतरी तरुणी ते वाचून या वाटेकडे वळल्या. ब्रेनर्डच्या परंपरेतला हा पुढचा दुवा, फक्त आता नायिका स्त्री होती. एकोणीस वर्षांच्या मुलीचा मृत्यू असा इतरांच्या उमेदीचे भांडवल होतो, हे आज वाचताना अस्वस्थ करते. त्या वाचकांना ते अस्वस्थ करीत नव्हते, कारण हुतात्म्याच्या चरित्राचा जुना साचा त्यांच्या हाताशी होता.

सॅम्युएल न्यूएल पुढे मुंबईला आले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीतच तेथे पोचून अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात करून बसले होते. न्यूएल १८२१मध्ये पटकीने गेले, हॉल १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडील दौऱ्यात त्याच रोगाने. त्याच वर्षी या मिशनचा मराठी नवा करार पूर्ण छापून निघाला. मुंबईची पत्रेही सेरामपूरच्याच वळणाची आहेत: श्रोते येतात, ऐकतात, जातात, छपाई चालू राहते.

मराठीच्या इतिहासात मात्र या उमेदीची खूण मुंबईआधी सेरामपूरला उमटली. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे अध्यापन करणाऱ्या कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५मध्ये आणि मोडी लिपीतला कोश १८१०मध्ये निघाला. व्याकरणाच्या प्रस्तावनेत पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याचा उल्लेख आहे. पत्रव्यवहाराच्या त्या वळणदार वाक्यात पंडितांना सहसा जागा नसते, जशी ती डोरोथी यांनाही नव्हती. दोघेही तेथे तृतीयपुरुषी आहेत: एक साहाय्य म्हणून, दुसरी अडचण म्हणून. वैजनाथांचा स्वतःचा स्वर ऐकायचा तर पत्रे बाजूला ठेवून १८१४ची 'सिंहासनबत्तिशी' उघडावी लागते. ती त्याच छापखान्यातून निघाली, आणि तिच्यात धर्मोपदेश नाही. विक्रमराजाच्या गोष्टी आहेत.