दार लागेना! सोलापूर, कुर्ला आणि फियाटचा पत्रा

आज गोष्ट गाडीची आहे, पण इंजिन, पिकअप वगैरे काही नाही. आज फक्त पत्रा.

सोलापुरात एका गॅरेजमध्ये मी 1973 सालची प्रीमियर प्रेसिडेंट बघितली. हिच्या दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पट्ट्या गंजून जाळी झाल्या होत्या, म्हणून मालकांनी आधी दुसरीकडे काम दिलं. तिथे गाडी पुढून-मागून जॅकवर घेतली, दोन्ही पट्ट्या एकदम कापल्या आणि नवीन पत्रा वेल्ड केला. वर पुट्टी, रंग, सगळं चकाचक. पण दार लावायला गेले तर दार लागेना! गाडी मधोमध किंचित खाली बसली होती, त्यामुळे दाराची चौकट वरून आवळली होती. आता ते सगळं कापून पुन्हा करायचं.

एका पट्टीने असं कसं होतं? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूरचा, 1882 चा. आपण त्यांना वालचंद कॉलेजच्या पाटीवर बघतो आणि पुढे जातो. बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यापासून सुरुवात केलेल्या या माणसाने पुढे जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्हीत हात घातला. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. क्रायस्लरशी करार होता, त्यामुळे सुरुवातीला डॉज, प्लिमथ अशा दणकट अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. या गाड्यांना खाली जाड लोखंडी चौकट असायची, म्हणजे चॅसी, आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. पत्रा कुजला तरी गाडीचा कणा शाबूत राहायचा.

1951 मध्ये इटलीच्या फियाटशी करार झाला. 1953 मध्ये वालचंद गेले. त्यानंतर कुर्ल्यातून फियाट 1100 यायला लागली. तीच ती, जिला लोक लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे, पुढची दारं उलटी उघडणारी. हिला वेगळी चॅसीच नव्हती! तळ, खांब, छप्पर, दाराखालच्या पट्ट्या, सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं, आणि तोच गाडीचा सांगाडा. गाडी हलकी झाली, पण पत्रा आता नुसतं कातडं राहिला नाही, हाड झाला. आपल्या गॅरेजवाल्याने नेमकं ते हाड कापलं होतं.

मग नीट कसं करतात? आधी गाडीला चारी बाजूंनी सपाट आधार द्यायचा. दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप तात्पुरते वेल्ड करायचे, म्हणजे माप हलत नाही. एका वेळी एकच बाजू कापायची. नवीन पट्टी आधी क्लॅम्पने नुसती धरायची, दार टांगायचं, उघड-बंद करून फटी बघायच्या. वरपासून खालपर्यंत सारखी फट मिळाली की मगच वेल्डिंग, तेही थोडं इथे, थोडं तिथे, नाहीतर उष्णतेने पत्रा ओढला जातो. रंग सगळ्यात शेवटी. खरं कौशल्य या दार टांगण्यात आहे, पण त्याचे फोटो कोणी इन्स्टावर टाकत नाही.

एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. 1964 ची डिलाइट, नंतरची प्रेसिडेंट आणि 1974 पासूनची पद्मिनी, जाळी-बंपर बदलत गेले तरी मूळ अंग तेच. म्हणून पद्मिनीचं दार प्रेसिडेंटला चालतं. ‘चालतं’ म्हणजे आपोआप बसत नाही हं! वर्षानुवर्षं वापरलेले साचे झिजतात, कडा जाड-बारीक निघतात. डेंटरला हातोडी-डॉली घ्यावीच लागते.

आणि हे पत्रे आणायचे कुठून? मुंबईच्या टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर सुट्या भागांचा मोठा झरा आटतोय. शिवाय त्या गाड्या खाऱ्या हवेत कुजलेल्या. सोलापूरच्या कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा बरा निघतो, त्यामुळे इथे अंगणात झाकून ठेवलेली ‘बाबांची फियाट’ भंगारात देण्याआधी दोनदा विचार करा.

त्यात कायदाही आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार 50 वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. आता फियाटमध्ये बॉडी शेल म्हणजेच चॅसी! मग किती पत्रा बदलला की गाडी ‘ती’ राहत नाही? माझ्या मते कुजलेल्या पट्टीच्या जागी त्याच मापाची पट्टी बसवणं ही दुरुस्ती झाली. अर्धी गाडी कापून दुसरीची जोडणं, तो फेरबदल.

गॅरेजमधली ती प्रेसिडेंट आता पाइपांच्या आधारावर उभी आहे. डावी बाजू कापून झालीय, दार टांगलंय. मी निघालो तेव्हा मिस्त्री फटीत पत्र्याचा एक तुकडा सरकवून बघत होते. वर अजून अडकत होता.