वजनावर तोललेले विष

विषाची तीव्रता एका आकड्यात सांगण्याची पद्धत विषशास्त्रात आज इतकी रुळली आहे की, ती मुळात विषांसाठी नव्हे तर औषधांसाठी शोधली गेली, याचे भान क्वचितच राहते. डिजिटॅलिस, इन्सुलिन किंवा घटसर्पावरील प्रतिविष ही औषधे वनस्पती वा प्राण्यांपासून काढलेली असल्यामुळे त्यांची ताकद दर खेपेला बदलत असे, आणि रासायनिक पृथक्करणाने ती कळत नसल्याने जिवंत प्राण्यांवरच तपासावी लागे. त्यासाठी प्राणी मरण्यास पुरेल अशी सर्वांत लहान मात्रा शोधली जाई. परंतु ज्या मात्रेने एक बेडूक मरतो तिला दुसरा जुमानत नाही, त्यामुळे ही ‘किमान घातक मात्रा’ प्रयोगागणिक सरकत राही. इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळेचे जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली दाखवून दिले की, मात्रा आणि मृत्यूंचे प्रमाण यांचा आलेख निम्मे प्राणी मरतात त्या ठिकाणी सर्वांत उभा चढतो, म्हणून मात्रेच्या अंदाजातील चूक तिथे सर्वांत कमी राहते. या मात्रेला ‘मध्य घातक मात्रा’, प्रयोगशाळेच्या बोलीत एलडी-५०, असे नाव मिळाले.

औषधांच्या प्रमाणीकरणापुरते हे साधन चोख होते. मात्र १९३७ साली अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सल्फानिलामाइडच्या पातळ औषधाने शंभरावर माणसे दगावली, पुढच्याच वर्षी विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा मागणारा कायदा झाला, आणि त्यानंतरच्या दशकांत ट्रेव्हन यांचे मोजमाप रंग, कीटकनाशके, सौंदर्यप्रसाधने अशा वाटेल त्या पदार्थाला लावले जाऊ लागले. भारतातही १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी डबीवरचा त्रिकोण याच आकड्यावर ठरवला: तोंडावाटे दिलेली मध्य घातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५,००० च्या वर असेल तर हिरवा. विदर्भातला कापूस उत्पादक फवारणीआधी जो रंग पाहतो, त्यामागे मेलेल्या उंदरांची गणती असते. पुष्कळ प्राणी मारून मिळणाऱ्या या आकड्याची माणसाच्या दृष्टीने उपयुक्तता किती, असा आक्षेप स्वित्झर्लंडचे विषशास्त्रज्ञ गेरहार्ड झ्बिंडेन यांनी १९८१ साली घेतला. त्याच वर्षी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) ही चाचणी ४०१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत प्रमाण म्हणून नोंदवली, हा योगायोग बोलका आहे. ती मार्गदर्शिका रद्द व्हायला २००२ उजाडावे लागले. तिच्या जागी आलेल्या पद्धतींपैकी एकीत ५, ५०, ३०० आणि २,००० मिलिग्रॅम अशा ठरावीक मात्रा मोजक्या प्राण्यांना देऊन मृत्यूऐवजी विषबाधेची स्पष्ट लक्षणे १४ दिवस पाहिली जातात.

तोपर्यंत धातूंच्या ऑक्साइडांनी मात्रेच्या कल्पनेलाच धक्का दिला होता. पितळ ओतणाऱ्या कामगारांना संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी तो उतरतो, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. १९२७ सालीच हार्वर्डमधील फिलिप ड्रिंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताच्या ऑक्साइडच्या ताज्या धुराचे प्रयोग माणसांवर करून या ‘धातुधूर ज्वरा’चा अभ्यास केला. हाच पदार्थ मलमात घालून पिढ्यान्पिढ्या कातडीला लावला जात होता. अपाय पदार्थाइतकाच कणाच्या बारीकपणावर आणि शरीरात शिरण्याच्या वाटेवर अवलंबून असतो, हे यातून उघड होते, तरी वजनाचा हिशेब सुटला नाही.

१९९० च्या सुमारास रोचेस्टर विद्यापीठात युराय फेरिन आणि गुंटर ओबरडॉर्स्टर यांनी उंदरांना टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे रंगांतील नेहमीच्या पांढऱ्या भुकटीचे, सुमारे २० आणि २५० नॅनोमीटर व्यासाचे कण हुंगायला दिले (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). सारख्याच वजनाला बारीक कणांनी फुप्फुसांत कितीतरी जास्त दाह घडवला. पण मात्रा वजनाऐवजी कणांच्या पृष्ठफळात मांडली तेव्हा दोन्हींचे निष्कर्ष एकाच रेषेवर आले. व्यास बारा-साडेबारा पटींनी घटला की तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ तितक्याच पटींनी वाढते, हे साधे गणित आहे; विषशास्त्राला ते शिकावे लागले ही खरी नवलाची बाब.

पोटातून केलेल्या चाचण्यांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. चीनमधील संशोधकांनी २००७ साली उंदरांना वेगवेगळ्या आकारांचे टायटॅनियम डायऑक्साइड दर किलोमागे ५ ग्रॅम एवढ्या प्रचंड मात्रेत दिले, तरी ठळक तीव्र विषबाधा दिसली नाही. याउलट तांब्याच्या (ऑक्साइडच्या नव्हे, धातूच्याच) नॅनोकणांची मध्य घातक मात्रा ४१३ मिलिग्रॅम भरली आणि जाडसर तांब्याची ५,००० च्या पुढे गेली, कारण जठराम्लात बारीक कण झपाट्याने विरघळून तांब्याचे विषारी आयन सुटतात. विरघळणारा आणि न विरघळणारा कण एकाच तराजूत घालता येत नाही. शिवाय भुकटी पाण्यात कालवली की कण गुठळ्या धरतात, त्यामुळे उंदराला प्रत्यक्षात नॅनोकण मिळाला की गठ्ठा, हेही आधी तपासावे लागते.

ओईसीडीने २०१३ साली प्रचलित पद्धती योग्य फेरफारांसह नॅनोपदार्थांनाही लागू पडतात असे ठरवले, आणि २०१८ साली श्वासावाटेच्या दीर्घ चाचण्यांच्या मार्गदर्शिका सुधारून फुप्फुसांत प्रत्यक्ष किती पदार्थ साठला हे मोजण्यास जागा दिली. पोटातून दिल्या जाणाऱ्या तीव्र चाचणीत मात्रा अजूनही दर किलोमागे मिलिग्रॅममध्येच लिहिली जाते.