रंग पक्का, हिशोब कच्चा

सोलापुरी चादरीचं नाव झालं ते विणीमुळे आणि न जाणाऱ्या रंगामुळे. चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालं. विणीचं कौतुक आपण सोलापूरकर भरपूर करतो. मला कुतूहल वाटतं ते रंगाचं.

1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा क्विनाइन बनवायला गेला आणि डांबरापासून जांभळा रंग करून बसला. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. 1895 मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगकारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याचं मांडलं. पुढे बेन्झिडिनसारखी अमाइन्स दोषी ठरली. काही अॅझो रंगांचा रेणू शरीरातल्या जिवाणूंमुळे तुटला, की हीच अमाइन्स सुटतात.

तरी बंदी यायला किती वर्षं लागली बघा. ब्रिटनने बेन्झिडिनवर 1967 मध्ये बंदी घातली. भारतात बेन्झिडिनपासून बनणारे 42 रंग 1993 पासून बंद झाले. 1994 मध्ये जर्मनीने असे अॅझो रंग वापरलेल्या कापडाला दार बंद केलं आणि 1997 मध्ये भारताने आणखी 70 रंगांवर बंदी आणली. परदेशी जाणाऱ्या टॉवेलला आता 'अॅझो-फ्री' असावं लागतं. युरोपची मर्यादा आहे प्रत्येक अमाइनसाठी किलोमागे 30 मिलिग्रॅम.

पण ही चाचणी कापडाची आहे, म्हणजे टॉवेलने अंग पुसणाऱ्याच्या काळजीची. रसायन किती घातक, हा झाला एक आकडा. ते कुणाच्या अंगात किती आणि किती काळ जातं, हा दुसरा. धोका ठरतो तो दोन्ही मिळून. टॉवेल वापरणाऱ्याचा संबंध धुतलेल्या कापडाशी येतो, तर डाइंगमधल्या कामगाराचा थेट पावडरीशी. ती तो मोजतो, गरम पाण्यात कालवतो, श्वासाबरोबर आत घेतो, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. तरी अहवाल टॉवेलचा निघतो.

भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायदा सुधारला. घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगाराला धोक्याची माहिती देणं आणि त्याच्या आरोग्याची नोंद ठेवणं बंधनकारक झालं. 1989 च्या नियमांनी रसायनांचं सुरक्षा माहितीपत्रक आणलं. मात्र मूळ कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान दहा कामगार. त्याहून छोट्या जागा बहुतेक वेळा बाहेरच राहिल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बिघाड झाला की आम्ही आधी लॉग उघडतो. कधी काय झालं ते त्यात सापडतं. मूत्राशयाचा कर्करोग अनेकदा वीस-वीस वर्षांनी दिसतो. तेव्हा कुणी कोणता रंग किती वर्षं हाताळला याची नोंद नसेल, तर डॉक्टर तरी काय जोडून बघणार? म्हणून दोन साध्या गोष्टी हव्यात: प्रत्येक डाइंगमध्ये कामगार आणि रंगांची एक वही, आणि माहितीपत्रक मराठीत नि तेलुगूत. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगूच बोलली जाते.