पृष्ठवंशाच्या शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन : एक ऐतिहासिक टिपण

वेदनाशमनाचा इतिहास म्हणजे अधिकाधिक प्रभावी औषधांच्या शोधाचा इतिहास, असे सामान्यतः मानले जाते. पृष्ठवंशावरील शस्त्रक्रियेच्या बाबतीत हा दृष्टिकोन अपुरा पडतो. येथे औषधाच्या सामर्थ्याइतकाच ते नेमके कोठे सोडावयाचे हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

१८८४ साली व्हिएन्ना येथील कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करता येतो, हे दाखवून दिले. १८९८ मध्ये ऑगस्ट बीर याने कील येथे तेच द्रव्य मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडून शरीराचा खालचा भाग बधिर केला. त्याने व त्याचा साहाय्यक हिल्डेब्रांट याने स्वतःच्या शरीरावरही हा प्रयोग करून पाहिला. पुढे १९२१ मध्ये फिदेल पाखेस या स्पॅनिश लष्करी शल्यचिकित्सकाने मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडण्याची पद्धती मांडली.

तथापि या दोन्ही पद्धतींत वेदनेबरोबर पायांतील शक्तीही मंदावू शकते. इतर शस्त्रक्रियांत ही गोष्ट काही काळ चालण्यासारखी असते; येथे मात्र ती घातक ठरू शकते. जखमेत रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब आल्यास त्याची सूचना पायांच्या दुर्बलतेवरूनच मिळते. बधिर पाय ही सूचना झाकून टाकतात. उलट, अफूजन्य औषधांवरच विसंबावे, तर मळमळ, गुंगी व श्वसनाची मंदता हे दोष उद्भवतात.

या पेचाचे उत्तर जुन्याच शरीररचनाशास्त्रात होते. मज्जारज्जूपासून निघणाऱ्या प्रत्येक मज्जातंतूस दोन शाखा फुटतात. मागची शाखा पाठीचे स्नायू व त्वचा यांकडे जाते. हातापायांकडे जाणारे तंतू पुढच्या शाखेतून येतात. मागची शाखा तेवढी बधिर केली, तर पायांची शक्ती अबाधित राहावी. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने स्नायूंचे थर व सुई प्रत्यक्ष दिसू लागल्यावर हा विचार व्यवहारात आणणे सुलभ झाले. २०१५ मध्ये हँड व त्यांचे सहकारी यांनी कमरेच्या दोन स्नायूंमधील पातळीत औषध सोडून स्वयंसेवकांवर प्रयोग केला. २०१६ मध्ये फोरेरो प्रभृतींनी पाठ ताठ ठेवणाऱ्या स्नायूंखाली औषध सोडण्याची रीत छातीच्या वेदनेसाठी वर्णिली. ती पुढे कण्याच्या शस्त्रक्रियेतही वापरली जाऊ लागली.

या उपायालाही मर्यादा आहेत. कशेरुकांमधील चकतीची वेदना मागच्या शाखेतून वाहत नाही. म्हणून इतर औषधांची जोड द्यावीच लागते. तरीही सव्वाशे वर्षांच्या या प्रवासाची दिशा स्पष्ट आहे : सुई मज्जारज्जूपासून क्रमाने दूर सरकत गेली, आणि वेदना किती नाहीशी झाली याइतकेच महत्त्व कोणती संवेदना शाबूत राहिली यालाही प्राप्त झाले.